सबवूफर आणि ॲम्प्लिफायरची जोडी जमवताना: आधी ओहम, मग वॅट

गाडीत सबवूफर (खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती वॅटचा घेऊ? प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न ओहमचा, म्हणजे वूफर करंटला किती अडवतो याचा. ॲम्पच्या डब्यावर छापलेले वॅट एका ठरावीक ओहमवरच खरे असतात. १ ओहमवर १००० वॅट देणारा ॲम्प ४ ओहमवर ३००-३५० वॅटांवर येऊ शकतो. म्हणून '१००० वॅटचा वूफर, १००० वॅटचा ॲम्प' अशी डोळे झाकून घेतलेली जोडी कागदावर जुळते आणि गाडीत मात्र एक तर आवाजात दमच येत नाही, नाहीतर ॲम्प तापून बंद पडतो.

हे सगळं खरेदीच्या आधी ठरवायचं असतं. एकदा वूफर डब्यातून बाहेर काढून पेटीत बसवला की कॉईलचे, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचे, ओहम बदलता येत नाहीत.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

मोठ्या अक्षरात 'मॅक्स' किंवा 'पीक' म्हणून छापलेला आकडा बाजूला ठेवा. जोडी जमवायला त्याचा काहीच उपयोग नाही. आपल्याला हवा तो आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकेल आणि वूफर सतत सोसू शकेल अशी पॉवर. ॲम्पच्या बाबतीत आरएमएसच्या शेजारी आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: किती ओहमवर, किती व्होल्टवर आणि किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाज किती बिघडतो त्याचं माप). सीईए-२००६ नावाच्या मानकानुसार मोजलेला ॲम्प असेल तर ४ ओहमवरचा आकडा १४.४ व्होल्टवर आणि १ टक्क्याच्या आतल्या डिस्टॉर्शनला मोजलेला असतो. असा आकडा दोन कंपन्यांची तुलना करताना विश्वासाने धरता येतो.

आकड्यावर शंका आली तर ॲम्पचे फ्यूज बघा. समजा ॲम्पवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, म्हणजे एकूण ६०. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ व्होल्ट असतात. ६० गुणिले १३.८ म्हणजे ८२८ वॅट आत जाणार. क्लास-डी ॲम्प (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) त्यातले साधारण ८० टक्के बाहेर देतो, म्हणजे ६६० वॅटच्या आसपास. त्याच ॲम्पच्या डब्यावर ३००० वॅट लिहिलं असेल तर तो आकडा सजावटीचा आहे असं समजा. हा हिशेब ढोबळ असला तरी कुठल्याही दुकानात उभ्या उभ्या करता येतो, आणि मला तो जाहिरातीपेक्षा जास्त खरा वाटतो.

ओहम नेमकं काय सांगतो

ॲम्प वूफरला व्होल्टेज देतो. त्या व्होल्टेजवर किती करंट वाहणार हे वूफरचा इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा, ठरवतो. पॉवरचं गणित असं: व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. ॲम्पने २० व्होल्ट दिले तर ४ ओहमवर १०० वॅट होतात, २ ओहमवर २०० आणि १ ओहमवर ४००. ओहम निम्मे केले की पॉवर दुप्पट, पण करंटही दुप्पट. ॲम्पच्या आतल्या ट्रान्झिस्टरना तो करंट पेलवायला हवा आणि त्याची उष्णता बाहेर टाकायला हवी. म्हणून प्रत्येक ॲम्पची खालची मर्यादा ठरलेली असते. '२ ओहम स्टेबल' म्हणजे २ च्या खाली जायचं नाही. गेलात तर नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्टचा लाल दिवा लागेल, नसेल तर आउटपुट जळेल.

काही ॲम्पमध्ये रेग्युलेटेड पॉवर सप्लाय असतो आणि ते ठरावीक टप्प्यात ओहम कितीही असले तरी जवळपास सारखीच पॉवर देतात. त्यांना 'ओहम निम्मे, पॉवर दुप्पट' हा नियम लागू नाही. आपला ॲम्प कोणत्या जातीचा आहे ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात स्पष्ट कळतं.

आणखी एक गोष्ट. वूफरवर लिहिलेले ४ ओहम हा नाममात्र आकडा असतो. वाजताना इम्पिडन्स फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलत राहतो, आणि वूफरच्या रेझोनन्सपाशी (ज्या फ्रीक्वेन्सीला कोन आपसूक सर्वात सहज हलतो तिथे) तो कित्येक पट वर चढतो. मल्टिमीटर लावलात तर तो डीसी रेझिस्टन्स दाखवतो, जो नाममात्र आकड्यापेक्षा थोडा कमीच असतो. ४ ओहमच्या कॉईलवर ३.२ ते ३.७ दिसलं, २ ओहमच्या कॉईलवर १.६ ते १.९ दिसलं, तर कॉईल ठणठणीत आहे. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स किती दिसतो ते पाहा आणि तो वजा करा. इतक्या लहान मापात तो फरक पाडतो.

सिंगल कॉईल की डबल कॉईल

सिंगल कॉईलचा एकच वूफर घेतला तर ओहम जे आहेत ते आहेत, निवड नाही. डबल कॉईल वूफरमध्ये एकाच कोनवर दोन स्वतंत्र कॉईल असतात आणि त्या सिरीजमध्ये (एकीमागून एक) किंवा पॅरललमध्ये (धनला धन, ऋणला ऋण) जोडता येतात. बहुतेक घोळ इथेच होतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

सिरीजमध्ये ओहमची बेरीज होते. पॅरललमध्ये सारख्या आकड्यांना संख्येने भागायचं: ४ ओहमच्या दोन कॉईल पॅरललमध्ये २ ओहम, चार कॉईल १ ओहम. आकडे वेगळे असतील तर गुणाकार भागिले बेरीज. पण वेगळे आकडे एकत्र आणायची वेळच येऊ देऊ नका. दोन निराळ्या ओहमचे किंवा निराळ्या मॉडेलचे वूफर एकाच ॲम्पवर लावले की पॉवर सारखी वाटली जात नाही आणि एकावर नेहमी जास्त ताण येतो.

आता सापळा बघा. '४ ओहम डबल कॉईल' असा एकच वूफर असेल तर त्याचे ४ ओहम कधीच होत नाहीत. सिरीजमध्ये ८, पॅरललमध्ये २. तसंच '२ ओहम डबल कॉईल'चे एकतर ४ होतात नाहीतर १, दोन कधीच नाहीत. डब्यावर ४ वाचून ४ ओहमवर जोर असलेला ॲम्प घेणारे बरेच जण इथेच फसतात. दोनपैकी एकच कॉईल जोडून ४ ओहम मिळवायचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. वूफरचा आरएमएस दोन्ही कॉईल मिळून दिलेला असतो. एकच कॉईल वापरली की सोसण्याची ताकद निम्म्यावर येते आणि वूफरचं वागणंही बदलतं.

नेहमी लागणाऱ्या जोडण्या अशा:

- एक वूफर, डबल २ ओहम: १ किंवा ४ ओहम
- एक वूफर, डबल ४ ओहम: २ किंवा ८ ओहम
- दोन वूफर, सिंगल ४ ओहम: २ किंवा ८ ओहम
- दोन वूफर, डबल २ ओहम: अर्धा ओहम किंवा २ ओहम
- दोन वूफर, डबल ४ ओहम: १ किंवा ४ ओहम

शेवटच्या दोन ओळींत पहिला आकडा सगळ्या कॉईल पॅरललमध्ये लावल्यावर येतो; दुसरा आकडा मिळवायला प्रत्येक वूफरच्या दोन कॉईल आधी सिरीजमध्ये जोडायच्या आणि मग दोन्ही वूफर एकमेकांना पॅरललमध्ये. सगळ्या कॉईल एका रांगेत सिरीजमध्येही लावता येतात, पण ओहम इतके चढतात की ॲम्पचा जोर वाया जातो. अर्धा ओहम चालवणारे ॲम्प असतात, पण ते स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्यांसाठी. रोजच्या गाडीत त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲम्पच्या बाजूला काय बघायचं

मोनो ॲम्पवर स्पीकरचे टर्मिनल बऱ्याचदा दोन जोड्यांत दिलेले असतात. ते पाहून वाटतं की दोन चॅनेल आहेत, एकेका जोडीवर एकेक वूफर लावू. प्रत्यक्षात त्या दोन्ही जोड्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. २ ओहमचा एक वूफर डाव्या जोडीवर आणि २ ओहमचा दुसरा उजव्या जोडीवर लावलात तर ॲम्पला दिसतो १ ओहम. २ ओहम स्टेबल ॲम्प असा गेला की लोक कंपनीला दोष देतात.

दोन किंवा चार चॅनेलचा ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकाच वूफरला जोडून, सबवूफर चालवायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा: ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला वूफरच्या निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहमचा वूफर ब्रिज केला तर प्रत्येक चॅनेल २ ओहमवर काम करतो. म्हणून ब्रिज न करता प्रत्येक चॅनेलला २ ओहम स्टेबल असलेला ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली न्यायचा नाही. ब्रिज करायचे टर्मिनल कुठले ते ॲम्पवरच छापलेलं असतं, अंदाजाने जोडू नका.

आता वॅट

अंतिम ओहम ठरले की वॅटचं काम सोपं होतं. ॲम्पचा त्याच ओहमवरचा आरएमएस घ्या आणि सगळ्या वूफरच्या आरएमएसच्या बेरजेशी ताडून बघा. ॲम्प वूफरच्या बरोबरीचा किंवा २०-२५ टक्क्यांनी मोठा असेल तर उत्तम. थोडा छोटा असला, अगदी तीन चतुर्थांश असला, तरी जोडी बिघडत नाही.

लोक ४५० की ५०० वॅट यावर तासन्‌तास वाद घालतात, म्हणून कानाचा हिशेब सांगतो. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ४५० आणि ५०० मधला फरक अर्ध्या डेसिबलहूनही कमी आहे, तो कुणाला ऐकू येत नाही. खरंच जास्त आवाज हवा असेल तर तसाच दुसरा वूफर आणि तेवढीच आणखी पॉवर द्या. कोनचं क्षेत्रफळ आणि पॉवर दोन्ही दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल मिळतात. पेटी नीट मापाची बनवली तर तिचाही फायदा वॅटच्या भांडणापेक्षा मोठा असतो.

'कमी पॉवर दिली की वूफर जळतो' असंही ऐकायला मिळतं. कमी पॉवरने काहीही जळत नाही, नाहीतर हळू आवाजात गाणी ऐकताना सगळे वूफर गेले असते. जळतो तो क्लिपिंगने. छोटा ॲम्प त्याच्या मर्यादेपलीकडे पिळला की लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो, आणि तोच ॲम्प आपल्या आरएमएसच्या दुपटीपर्यंत सरासरी पॉवर देऊ लागतो. २०० वॅटचा ॲम्प असा ४०० वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि समोर २५० वॅटचा वूफर असेल तर त्याची कॉईल तापत जाऊन जळते. म्हणून थोडा मोठा ॲम्प, पण गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ती सेटिंग) आवरलेला, ही जोडी मी नेहमी पसंत करतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा १२ इंची दोन वूफर घ्यायचे आहेत, प्रत्येकी आरएमएस ३०० वॅट. एकूण ६००. हे मॉडेल डबल २ आणि डबल ४ अशा दोन्ही कॉईलमध्ये मिळतं. समोर एक मोनो ॲम्प आहे: ४ ओहमवर ४०० वॅट, २ ओहमवर ६५०, आणि १ ओहमची परवानगी नाही.

डबल ४ घेतले तर आपल्या हातात १ आणि ४ ओहम आहेत. १ चालत नाही, ४ वर फक्त ४०० वॅट मिळतात. डबल २ घेतले तर प्रत्येक वूफरच्या कॉईल सिरीजमध्ये लावून ४ ओहम होतात, मग दोन्ही पॅरललमध्ये २ ओहम. ६५० वॅट, प्रत्येकी ३२५. जोडी जमली. वूफर तोच, ॲम्प तोच, फक्त कॉईलची निवड बदलली. आणि ॲम्प १ ओहमपर्यंत जाणारा असता तरी पॉवर पुरत असेल तर मी २ ओहमवरच थांबलो असतो. करंट कमी लागतो, ॲम्प गार राहतो, तारांमधलं नुकसानही कमी.

वीज कुठून येणार

६०० वॅट बाहेर हवेत तर क्लास-डी ॲम्पला ७५० वॅट आत लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ५४ अँपिअर. क्लास-एबी ॲम्पची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हाच आकडा ७९ वर जातो. गाणं काही सलग पूर्ण पॉवर मागत नाही, सरासरी बरीच कमी असते, पण तार आणि फ्यूज मात्र पूर्ण आकड्यासाठीच निवडायचे.

बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ५ मीटर धरले तर ८ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेत ५४ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट होते, ४ गेजमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास. इथे ४ गेजच हवी. सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल तर तिची वाहकता तांब्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी असते, त्यामुळे ती एक माप जाड घ्या. खरेदी करताना तारेचं टोक सोलून खरवडून पाहा, आत चंदेरी दिसलं तर सीसीए.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसलाच पाहिजे. तो ॲम्पसाठी नसून तारेसाठी असतो: वाटेत कुठे तार घासून बॉडीला लागली तर आग लागू नये म्हणून. त्याचं माप तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त कधीच नको. या एका बाबतीत तडजोड करू नका.

ग्राउंडची तार पॉवरच्या तारेइतकीच जाड आणि शक्य तेवढी आखूड ठेवा. बॉडीवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करून बोल्ट घट्ट करा. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे.

जोडल्यावर, पण वाजवण्याआधी

वूफरच्या तारा ॲम्पला लावण्याआधी त्या दोन टोकांवर मीटर लावून एकूण ओहम मोजा. वरच्या उदाहरणात १.६ ते १.९ दिसायला हवं. ०.५ दिसलं तर कॉईल चुकून सगळ्या पॅरललमध्ये गेल्यात. काहीच दिसलं नाही तर कुठेतरी जोड सुटलाय.

मग दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा, धन टोक धन तारेला. सगळे कोन एकाच वेळी बाहेर उसळले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर ते एकमेकांचा आवाज खातात. डबल कॉईलमध्ये एक कॉईल उलटी लागली असेल तर कोन हलतच नाही, नुसतीच कॉईल तापत राहते. ही चूक वेळेत सापडली नाही तर महागात पडते.

गेन लावणे

गेन हे आवाजाचं बटण नाही. गाडीतल्या स्टीरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवायला ते दिलेलं असतं. पद्धत अशी: वूफरच्या तारा ॲम्पवरून काढा. बास बूस्ट, इक्वलायझर, लाउडनेस सगळं शून्यावर. गेन अगदी खाली. इंजिन चालू. स्टीरिओवर ० डेसिबलला रेकॉर्ड केलेला ५० हर्ट्झचा टोन लावा आणि आवाज कमालच्या तीन चतुर्थांशावर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि ठरलेलं व्होल्टेज येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. उघड्या टोकांना या वेळी हात लावू नका.

ठरलेलं व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. वॅट धरताना ॲम्पचे आणि वूफरचे यांतले जे कमी असतील ते. आपल्या उदाहरणात ६०० गुणिले २ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. हेच ६०० वॅट ४ ओहमवर असते तर ४९ व्होल्ट, १ ओहमवर २४.५.

यापुढे स्टीरिओचा आवाज त्या तीन चतुर्थांशाच्या वर न्यायचा नाही. गेन लावल्यावर बास बूस्ट वाढवला तर सगळा हिशेब कोलमडतो, कारण ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात चौपट पॉवरची मागणी. ऑसिलोस्कोप मिळत असेल तर लाटेचे शेंडे कुठे कापले जातात ते थेट दिसतं, आणि ती पद्धत मल्टिमीटरपेक्षा चांगली.

लो-पास फिल्टर (ठरवलेल्या फ्रीक्वेन्सीच्या वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झपासून सुरू करून कानाने जुळवा. पोर्टेड पेटी (हवेसाठी नळी किंवा फट, म्हणजे पोर्ट, ठेवलेली) असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) हवाच, पोर्टच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीसाठी पोर्टचं माप ठरवलंय तिच्या, जरा खाली. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना पेटीतल्या हवेचा आधार सुटतो आणि आरएमएसच्या आतल्या पॉवरवरही कोन मर्यादेबाहेर हलतो. बंद पेटीत हवाच कोनला आवर घालते, तिथे एवढी काळजी नाही.

पहिला अर्धा तास मध्यम आवाजात वाजवा. ॲम्पला हात लावून पाहा: कोमट ते गरम चालेल, हात ठेववत नाही इतका तापला तर हवा खेळते का आणि ओहम बरोबर आहेत का ते पुन्हा तपासा. वूफरच्या बाजूने जळकट वास आला तर ताबडतोब बंद करा. शेवटी जोरदार बास असलेलं गाणं लावून ॲम्पच्या पॉवर टर्मिनलवरचं व्होल्टेज बघा. इंजिन चालू असताना ते १३ च्या आसपास टिकलं तर ठीक. ठोक्यागणिक १२.५ च्या खाली जात असेल तर त्याच क्षणी बॅटरीवरही मोजा. बॅटरीवर व्होल्टेज टिकतंय आणि ॲम्पवर पडतंय, तर दोष तारेत, जोडात किंवा ग्राउंडमध्ये. दोन्हीकडे सारखंच पडत असेल तर अल्टरनेटर आणि बॅटरी कमी पडताहेत, आणि तोवर गेन खाली घ्या.